अंगठा सुटेना

"आक्का, तुमची छकुली काल ओट्यावर अंगठा तोंडात घालून बसली होती हो! पहिलीला गेली ना?"

"गेली की. काय सांगू वहिनी, कारल्याचा रस लावला, कडुलिंब चोळला. मिरची लावली तर तेच बोट डोळ्याला लावून घर डोक्यावर घेतलं. रात्री पुन्हा गोधडीत अंगठा तोंडात."

"मिरची कशाला लावता? माझ्या जाऊबाईंच्या नातवाला लोणीला नेलं होतं, प्रवरेच्या डेंटल कॉलेजात. डॉक्टरीणबाईंनी दातांआधी अंगठाच बघितला. धुतल्यासारखा पांढरा, वर घट्टा! म्हणाल्या, घटकाभर चोखलं तर फार बिघडत नाही, पण रात्र-रात्र आत राहिला की वरचे दात पुढं येतात, खालचे मागं जातात. त्या पोराला पुढच्या दातांनी भाकरीचा तुकडा तुटत नव्हता. दाढा मिटल्या तरी पुढं फट!"

"आमचीचं तसंच चाललंय. मला वाटलं, सुनेच्या माहेरची ठेवण. त्यांच्यात सगळ्यांचेच दात पुढं."

"तेही असेल, पण सगळं तिच्या माहेरावर नका ढकलू! अंगठ्यानं जीभ खाली दबते, टाळूला तिचा आधार राहत नाही. वर चोखताना गाल दोन्हीकडून आवळतात. मग वरचा जबडा अरुंद, टाळू खोल. चेहराच बदलतो."

"मग तारा लावल्या का?"

"छे! आधी कॅलेंडर. अंगठ्याविना रात्र गेली की एक टिकली. चार दिवस जमलं, पुन्हा तेच. मग त्यालाच विचारलं, सोडायचाय का? हो म्हणाला, तेव्हा मागच्या दाढांना कड्या लावून टाळूशी जाळी बसवली. अंगठा टाळूला टेकतच नाही, मग चोखायची मजाच जाते. सुरुवातीला बोबडं बोलायचा, आमटीभातावर होता. सवय मोडली तरी जाळी काही महिने ठेवली. फट बरीच मिटली, उरलं ते पक्के दात आल्यावर बघू म्हणाल्या."

"पोराला विचारायचं? आमच्यात सुनेला कोणी विचारत नाही! ती म्हणते, दुधाचेच दात, पडणारच आहेत."

"खालचे दोन पडलेत ना? म्हणजे पक्के यायला लागले. आता नका लांबवू. श्रीरामपुरातून संगमनेरची गाडी धरा, लोणीवरूनच जाते."

"तुम्ही चला की सोबत."

"येते. पण मी सांगितलं असं सुनेला सांगू नका. आधीच ती म्हणते, शेजारीण कुंपणाला कान लावून असते."