लेकरू लहान आहे तोवर

आमचे दाजी नांदेडला महसूल खात्यात अव्वल कारकून आहेत आणि गेली आठ वर्षं ते सहकुटुंब परदेशी निघालेले आहेत. आतापर्यंत गाठलेला सगळ्यात लांबचा पल्ला म्हणजे बासर. तिथंही गेले होते ते चिऊचा अक्षराभ्यास करायला. पण गाडी तेलंगणात शिरली तसं दाजींनी खिडकीतून हात बाहेर काढला, परत आत घेतला आणि ताईला म्हणाले, "बघ, राज्य बदललं. कळलं तरी का? देश बदलायलाबी एवढंच लागतंय."

आणखी काय काय लागतं, याची एक नस्ती आहे. खाकी पुठ्ठा, हिरवा टॅग, वर ठळक अक्षरांत विषय: 'अल्प खर्चात सहकुटुंब परदेश सहल (निसर्गसान्निध्यासह), कु. चिऊ लहान असेतोवर'. आत टिपणी. 'सविनय सादर' ला सुरू होते आणि 'मान्यतेस्तव' ला संपते. मान्यता देणारी अधिकारी आमची ताई. तिनं समासात आजवर तीन शेरे मारलेत. पहिला, 'चर्चा करावी'. दुसरा, 'तपासून फेरसादर करावे'. तिसरा तिनं दिवाळीत घर पाहुण्यांनी भरलेलं असताना मारला: 'गिरणीतून पीठ आणावे'.

हॉटेलात लोळायला परदेशात जाणाऱ्यांची दाजींना कीव येते. त्यांना डोंगर पाहिजे, तळं पाहिजे, तंबू पाहिजे. "लेकराच्या पायाला माती लागली पाहिजे," असं ते टाइल्सवर उभं राहून सांगतात. माती त्यांच्या लोह्याच्या शेतातही आहे, चांगली काळीभोर. पण ती आयतीच फुकट आहे. दाजींना फुकट आवडत नाही. मूळ भाव असावा, तो पाटीवर लिहिलेला असावा आणि आपल्याला तो लागू नसावा, यात त्यांना खरी गोडी. आणि लहान लेकरू म्हणजे तर चालतंबोलतं सवलतीचं कार्ड. चिऊ ऑगस्ट २०१७ मध्ये जन्मली. बारशाच्या दिवशी बाकीचे पाळण्याची दोरी धरून उभे होते आणि दाजी कोपऱ्यात मला सांगत होते, "दोन वर्षांच्या आतलं लेकरू विमानात मांडीवर बसून जातंय. सीटचे पैसे न्हाईत. हैदराबाद तर आपलं अंगण हाय. दोन वर्षं हायत आपल्यापाशी."

दोन वर्षं ते रोज रात्री जेवण झालं की हैदराबादहून बँकॉकचे भाव बघत. भाव उतरला की म्हणत, अजून उतरेल. चढला की म्हणत, उतरायला पाहिजे. हरभऱ्याची पोती घरात ठेवून बसलेल्या शेतकऱ्यासारखी गत. ऑगस्ट २०१९ ला चिऊ दोन वर्षांची झाली. केक कापताना सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दाजींनीही वाजवल्या, पण मुदत टळलेल्या पॉलिसीची पावती हातात असल्यासारख्या.

मग नेपाळ निघालं. हा मात्र नस्तीतला सगळ्यात कसदार भाग, आणि खरं सांगायचं तर माझाही जीव त्यात गुंतला होता. व्हिसा नाही. मोठ्यांना पासपोर्ट नसला तर मतदार ओळखपत्र चालतं, पंधराच्या आतल्या लेकराला दुसरं ओळखपत्र. मनमाडला गाडी बदलून गोरखपूर, तिथून शंभरेक किलोमीटरवर सोनौलीची सीमा. ती पायी ओलांडायची. पुढं बसनं पोखरा. फेवा तलावात होडी, पहाटे सारंगकोटवरून माछापुछ्रे शिखर. ६,९९३ मीटर, आणि बघायला पैसे नाहीत. धंपूसपासून लेकराच्या पायांना झेपेल अशी डोंगरवाट. त्या अन्नपूर्णा संवर्धन क्षेत्राचा परवाना आपल्याला हजार नेपाळी रुपये, म्हणजे आपले ६२५, कारण शंभराला एकशे साठ हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. बँकॉकच्या भावानं पोळलेल्या माणसाला न हलणारा दर म्हणजे देवच भेटला. शिवाय दहा वर्षांखालच्या लेकराला परवाना माफ. या ओळीखाली दाजींनी लाल शाईनं दोन रेघा मारल्यात. नेपाळचं घड्याळ आपल्यापुढं पंधरा मिनिटं चालतं. तेही त्यांनी 'येताना जमा' म्हणून मांडलंय. ढाब्यावर डाळ-भात पुन्हापुन्हा वाढतात, हे वाचून तर ते हळवेच झाले. भाकरीचं तेवढं अवघड, म्हणून ज्वारीचं पीठ तीन किलो, येसर अर्धा किलो आणि शेंगदाण्याची चटणी, अशी यादी परिशिष्ट 'ब' मध्ये आहे.

नेपाळनं डिसेंबर २०१८ मध्ये शंभराच्या वरच्या भारतीय नोटा चालणार नाहीत असं काढलं होतं. म्हणून दाजी शंभराच्या नोटा साठवायला लागले. रसवंतीवाल्याकडून, पेट्रोल पंपावरून, तहसीलसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून मोडून आणायचे आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. ताईला बाजाराला सुट्टे लागत. ती डब्यातली नोट घेई आणि आत चिठ्ठी टाके: 'मेथी, कोथिंबीर'. एकदा दाजींनी डबा उघडून मोजला, तर नेपाळला जाण्याइतक्या चिठ्ठ्या साठल्या होत्या.

तिकिटं मार्च २०२० अखेरची ठरली. पुढं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. एवढा एकच बेत दाजींच्या हातून मोडला नाही, आणि तो ते अजून अभिमानानं सांगतात: "आपण थांबलो न्हाई हो. जगच थांबलं."

टाळेबंदी उठेपर्यंत घड्याळ काही थांबलेलं नव्हतं. पाचच्या आतलं लेकरू रेल्वेत फुकट. पाच ते बाराला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर २०१६ पासून पूर्ण भाडं. ऑगस्ट २०२२ ला तीही खिडकी मिटली. दाजी दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. पण सप्टेंबरात भूताननं पर्यटकांसाठी दारं उघडली. भारतीयांना माणशी रात्रीला १,२०० रुपये शुल्क, सहा ते बाराला निम्मं, सहाच्या आत माफ! दाजी पुन्हा टवटवीत. पारोजवळच्या त्या कड्यावरच्या मठाला, ताक्त्सांगला, चिऊला पाठीवर घेऊन चढायचं ठरलं. सराव म्हणून माहूर. रेणुकेच्या पायऱ्यांना चिऊला पाठीशी बांधून निघाले. थोड्या वेळानं ताई आणि चिऊ दर्शन घेऊन खाली आल्या, तेव्हा दाजी मध्येच एका पायरीवर तिघांच्या चपला राखत बसलेले होते. भूतानवर त्या दिवशी 'दप्तरी दाखल' असा शेरा पडला.

व्हिएतनामवर फार लिहीत नाही. साडेतीन हजार रुपयांचे तिथं दहा लाख होतात, म्हणून आठवडाभर दाजी लखपतीसारखे चालले. मग कळलं की ई-व्हिसाला २५ डॉलर पडतात आणि त्यात लेकरू म्हणून सूट नाही. "लेकरात आन् मोठ्यात फरक कळत न्हाई," ते म्हणाले, "तो कसला देश!"

गेल्या मे महिन्यात तंबू आला. सेलमध्ये, ऑनलाइन, तीन माणसांचा. सोबत उणे पाच अंशांपर्यंत चालणाऱ्या झोपायच्या पिशव्या. नांदेडच्या फ्लॅटमध्ये तंबू उघडला तर बैठकीचं दार लागेना, म्हणून चाचणी आमच्या लातूरच्या गच्चीवर ठरली. स्लॅबमध्ये मेखा कशा ठोकणार? मग एक दोरी सोलरला, एक डिशला, एक कपडे वाळत घालायच्या तारेला आणि चौथी पाण्याच्या टाकीच्या पाइपाला. दिवसभर तापलेली गच्ची, खालून तवा, वरून वारा नाही. उणे पाचाची पिशवी दाजींनी नियमाप्रमाणे गळ्यापर्यंत ओढली आणि पाचव्या मिनिटाला काढली. हवा लागावी म्हणून तंबूचं वरचं कापड दूर केलं. राहिली नुसती जाळी.

पहाटे तीनला गल्लीत आरोळी उठली, "नळ आले, नळ आले!" ज्या गावाला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या गावात या आरोळीला झोपून कुणी राहत नाही. मी खाली जाऊन मोटार लावली आणि जिन्यात बसल्या बसल्या माझाच डोळा लागला. टाकी भरली. वाहून जायची नळी नेमकी जाळीच्या वर. दाजी आतून ओरडायला लागले, "मोटार! मोटार बंद करा ओ!" मी धावलो, आई धावली, शेजारचे काका लुंगी सावरत त्यांच्या गच्चीवर आले. पण "दाजी भिजले" असं एकही माणूस म्हणाला नाही. सगळे म्हणाले, "पाणी चाललं!"

पाणी कुठंच चाललेलं नव्हतं. तंबूचा तळ इतका पक्का, कडेनं वळवून वर शिवलेला, की एक थेंब बाहेर गेला नव्हता. आत दोन बोटं पाणी, त्यात चिऊ नाचत होती. "बाबा, हेच का फेवा?" आईनं बॅटरी मारून आत बघितलं, तळाला हात लावला आणि लग्नानंतर पहिल्यांदा जावयाच्या खरेदीचं कौतुक केलं. मगानं उपसून सात बादल्या निघाल्या. सकाळी त्यात दोन चादरी धुतल्या, उरलेलं तुळशीला आणि कढीपत्त्याला घातलं. दाजींनी ओल्या बनियनवरच नस्तीत नोंद घेतली: 'तळ जलरोधक असल्याची खात्री झाली. छताबाबत अहवाल प्रतीक्षेत.'

ऑगस्टात चिऊ आठची झाली आणि पासपोर्टही गेला. लेकराच्या पासपोर्टला हजार रुपये, आठच्या आत दहा टक्के सूट. मी आधीपासून मागं लागलो होतो, काढून टाका. दाजी म्हणाले, "मुदत पाच वर्षांची. आज काढला आन् सहल दोन वर्षांनी झाली तर ३६० रुपये पाण्यात. सहल पक्की झाली की काढू."

"आणि सहल पक्की कधी होणार?"

"कागदपत्रं झाली की!"

परवा भाऊबीजेला चौघं लातूरला आले. मी स्टँडवर घ्यायला गेलो. दाजी उतरले ते तिकिटं हातात घेऊनच. त्यांच्या आई पंचाहत्तरच्या पुढच्या, एसटीत मोफत. ताईला अर्धं, २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं. चिऊला अर्धं. "आन् ऐका," दाजी माझा दंड धरून म्हणाले, "पोरगी हाय. बाराची झाली तरी अर्धंच! अहमदपूर सोडल्यावर माझ्या ध्यानात आलं." इतका वेळ टिकणारी सवलत त्यांना आयुष्यात भेटली नव्हती. घरात फुल तिकिटाचे धनी तेवढे ते एकटे.

"काय चिऊताई, कितवं लागलं?" मी विचारलं.

"नववं, मामा. अन्नपूर्णाला दहापर्यंत फुकट हाय," ती म्हणाली. "अजून पावणेदोन वर्षं हायत आपल्यापाशी."

घरी पोचलो. आईनं दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला, विहीणबाईंना हात धरून आत घेतलं. मग तिची नजर दाजींच्या खांद्यावरच्या लांबोळक्या पिशवीवर गेली आणि तिचा चेहरा उजळला.

"जावईबापू, तंबू आणलाव का? बरं झालं बाई. उद्या पहाटं नळ यायचेत."