विनोदी लेखनाचा दैनिक अभ्यासक्रम (मानपूर भागासाठी)

विनोदी लेखनाचा सराव रोज, ठरावीक वेळी आणि मूड नसताना करायचा असतो. मूड असताना जे होते त्याला गप्पा म्हणतात. चारचौघांत हशा पिकवणारा माणूस कागदासमोर बसला की श्रद्धांजली लिहू लागतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. गप्पांत चेहरा, हातवारे आणि समोरच्याला आपणच पाजलेला चहा मदतीला असतो. कागदावर फक्त वाक्य असते. ते वाक्य कोणाच्या आधाराशिवाय उभे राहील इतके धडधाकट करणे, हा या दिनक्रमाचा उद्देश होय. पुढील मांडणी इंदूर जिल्ह्यातील मानपूर येथे राहणाऱ्या मराठी साधकाला समोर ठेवून केली आहे. इतर गावांनी आपापल्या बस स्टँडप्रमाणे फेरफार करावेत.

मानपूर हे महूच्या पुढे आग्रा-मुंबई रस्त्यावर, माळव्याचे पठार संपून निमाडकडचा उतार सुरू होतो तेथे वसले आहे. १८६० मध्ये हा परगणा शिंद्यांकडून ब्रिटिशांकडे आला आणि पुढे कित्येक वर्षे चहूकडे संस्थाने व मध्ये एवढासा इंग्रजी मुलूख अशा अवस्थेत राहिला. सगळ्यांच्या मध्ये, पण कोणाच्याच पंगतीत नाही, ही जागा विनोदी लेखकाला फार सोयीची. भाषेचेही तसेच आहे. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी, बाजारात माळवी आणि निमाडी. साधकाने हे सर्व ऐकावे आणि निदान पहिले सहा महिने मधे बोलू नये.

रोज लिहिण्याचा सर्वांत भक्कम दाखला याच माळव्यातला आहे. उज्जैनला १९३१ मध्ये जन्मलेले हिंदी व्यंगकार शरद जोशी यांनी इंदूरच्या 'नई दुनिया'त 'परिक्रमा' हे सदर चालवले आणि पुढे 'नवभारत टाइम्स'मध्ये 'प्रतिदिन' लिहिले. 'प्रतिदिन' खरोखरच प्रतिदिन असे आणि १९९१ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ते चालू होते. रोज लिहिणाऱ्याचा प्रत्येक लेख उत्तम उतरतो असे नाही. मात्र वाईट लेखाचे दुःख करायला त्याला एकच रात्र मिळते, आणि तीही उद्याच्या लेखात जाते. दुसरा दाखला बद्रुद्दीन काझी यांचा. इंदूरला जन्मलेला हा तरुण मुंबईत बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर होता आणि प्रवाशांना हसवत असे. बलराज साहनींनी त्याला हेरले, गुरुदत्तने त्याचे जॉनी वॉकर असे नामकरण केले आणि १९५१ च्या 'बाजी'त तो पडद्यावर झळकला. ज्या श्रोत्यांनी तिकीट दादरला पोहोचण्यासाठी काढले आहे त्यांना हसवण्याचा सराव झाल्यावर, हसण्यासाठी तिकीट काढलेले प्रेक्षक जड जात नाहीत. नोकरीमुळे वेळ मिळत नाही असे म्हणणाऱ्यांसाठी तिसरा दाखला: चिमणरावांचे जनक चिं. वि. जोशी बडोद्याच्या कॉलेजात पाली शिकवत.

साधनसामग्री थोडी आहे. खिशात मावणारी एक वही, घरी ठेवायची एक मोठी वही, पेन आणि भिंतीवरचे कालनिर्णय. टिपणे मोबाइलवर घेऊ नयेत. टिपण करायला उघडलेला मोबाइल पाऊण तासाने मिटतो आणि त्यात दुसऱ्यांनी केलेले विनोद सापडतात. कालनिर्णयावर त्या दिवशीचा सराव झाल्याची खूण करायची असते. तेथे दुधाचे खाडे, गॅसची तारीख आणि आत्याचा उपास आधीच नोंदलेला असल्याने, कलेचे घरातील नेमके स्थानही साधकाला रोज दिसत राहते.

सकाळची वीस मिनिटे निरीक्षणासाठी राखावीत. स्थळ शक्यतो पोह्यांचा ठेला असावे. इंदूरकडचे पोहे उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफेत गरम ठेवलेले असतात. वर शेव, कांदा, जीरावन आणि शेजारी जिलबी. गिऱ्हाईक हातात कागद घेऊन उभ्याने खाते, आणि हातात खाणे असलेला माणूस खोटे बोलण्याचा कंटाळा करतो. या वेळेत तीन नोंदी करायच्या, त्या जशाच्या तशा. नोंदीत विनोद करण्यास सक्त मनाई आहे. 'एक विचित्र माणूस पोहे खात होता' ही नोंद बाद धरावी, कारण विचित्र हा साधकाचा अभिप्राय झाला. 'एका माणसाने जिलबी घेतली, डायबिटीस असल्याचे सांगितले आणि म्हणून पोह्यांत साखर कमी टाकायला सांगितली' ही नोंद ग्राह्य आहे. तिला पुढे काही करावे लागत नाही. दुकानांवरच्या पाट्या टिपू नयेत. उधारीसंबंधीच्या पाटीवर आजवर इतके लेख झाले आहेत की त्यांची उधारीही फिटली असेल.

दुपारची अर्धी घटका घासकामाची. सकाळच्या नोंदींपैकी एक घ्यायची आणि ती दहा प्रकारे लिहायची. पहिले तीन प्रकार सर्वांनाच सुचतात, म्हणून ते लिहून मोकळे व्हावे. चौथ्यापासून सातव्यापर्यंत काहीच सुचत नाही. सराव म्हणतात तो एवढाच भाग. उदाहरणादाखल स्टँडवरची एक नोंद घेऊ: इंदूरकडे जाणारी बस उभी आहे आणि कंडक्टर सर्वांना 'बैठो, निकल ही रहे हैं' असे सांगत आहे. पहिला खर्डा असा होतो: 'बस सुटेपर्यंत प्रवाशांचे केस पांढरे झाले.' ही अतिशयोक्ती वापरून वापरून तिचेच केस पांढरे झालेले आहेत. चौथा खर्डा: 'कंडक्टर निघालोच म्हणाला आणि त्याने चहा सांगितला.' येथे निरीक्षण आले, पण चहा कोणताही कंडक्टर सांगतो. नववा खर्डा: '"निकल ही रहे हैं," असे म्हणत कंडक्टरने काच पुसली, देवाच्या तसबिरीचा हार बदलला, दोन पोती टपावर चढवली आणि मग ड्रायव्हर कुणी पाहिलाय का म्हणून विचारले.' हा ठेवण्याजोगा आहे. त्यात एकही थापेचे वाक्य नाही, प्रत्येक क्रिया बस निघण्याच्या तयारीचीच आहे आणि नसलेली वस्तू शेवटी आली आहे.

नसलेली वस्तू शेवटी आणणे मराठीत वाटते तितके सोपे नाही. मराठी वाक्य क्रियापदावर संपते, त्यामुळे हशा आणणारा शब्द बोलून झाल्यावरही वाक्याचे शेपूट वळवळत राहते आणि वाचक हसता हसता 'होते' आणि 'आहे' यांवर अडखळतो. उपाय दोन. क्रियापद इतके लहान ठेवावे की ते ऐकू येऊ नये, किंवा वाक्य आधीच संपवून तो शब्द एकटाच पुढच्या वाक्यात बसवावा. दुसरा उपाय एका पानात एकदाच करावा. दोनदा केल्यास ती शैली होते आणि तीनदा केल्यास सवय.

त्यानंतर कलाटणीचा पाठ. मानपूरजवळच्या जानापावच्या डोंगरावर चंबळ उगम पावते आणि उत्तरेकडे यमुनेला जाते, तर घाटाच्या दक्षिण उतारावरचे पाणी नर्मदेकडे वळते. एकाच सरीतले दोन शेजारी थेंब अशा रीतीने दोन वेगळ्या समुद्रांना मिळतात. विनोदी वाक्याची रचना हीच आहे. वाचक यमुनेच्या दिशेने निघालेला असतो आणि वाक्य नर्मदेला पोहोचते, मात्र दोघे निघालेले असतात एकाच ठिकाणाहून. सुरुवातच वेगळी केली तर त्याला कलाटणी न म्हणता विषयांतर म्हणतात. सरावासाठी तिघांची यादी करावी. पहिल्या दोन वस्तूंनी रस्ता पक्का करायचा, तिसरीने वळायचे: 'वहिनी इंदूरहून सराफ्यातले कानातले, छप्पन दुकानांतली शेव आणि सासूबाईंबद्दल एक नवीन मत घेऊन आल्या.' रोज अशा पाच याद्या कराव्यात. चौथी वस्तू घालण्याचा मोह टाळावा, वहिनी परत जाऊन आल्या तरी.

वाचनाला संध्याकाळी अर्धा तास पुरे. कोल्हटकर, बाळकराम या नावाने लिहिणारे गडकरी, चिं. वि., अत्रे, पु. ल., द. मा. मिरासदार असा क्रम लावावा आणि एका वेळी एकच लेखक घ्यावा. आवडलेला परिच्छेद हाताने उतरून काढावा आणि हसू नेमके कोणत्या शब्दावर आले तेथे खूण करावी. खूण बहुधा आपण समजत होतो त्याच्या दोन शब्द आधी पडते. या पाठाचा ज्ञात दुष्परिणाम असा की पु. ल. वाचल्यानंतर आठवडाभर साधक पु. लं.सारखे लिहितो, फक्त विनोद वगळून. त्यावर उतारा म्हणून चिं. वि. वाचावेत. तेथे निवेदक इतक्या सरळ चेहऱ्याने आपली फजिती सांगतो की नक्कल करायला शैली हातीच लागत नाही, फजिती तेवढी लागते.

रात्रीच्या जेवणानंतर लेखन घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवावे. कौटुंबिक श्रोते तीन प्रकारचे असतात. पहिला प्रकार आईचा: ती 'छान झालंय, ताक घे' म्हणते. हा अभिप्राय ताकाबद्दल असतो. दुसरा बाबांचा: ते शेवटपर्यंत ऐकून 'मग पुढे बस सुटली का?' असे विचारतात. हे ऐकल्यावर लेखात गोष्ट होती हे सिद्ध होते, विनोदाचे मात्र उद्या पाहावे लागते. तिसरा प्रकार आत्याचा, आणि तो सर्वांत मोलाचा: ती जेथे विनोद नाही तेथे हसते. साधकाने रागावू नये. ती जेथे हसली तेथे काय लिहिले आहे ते पाहावे. बहुतेक वेळा तेथे सकाळची एखादी नोंद शब्दही न बदलता उतरलेली असते. कोणत्याही श्रोत्याला विनोद समजावून सांगू नये.

वाचून झाल्यावर काटछाट. ज्या वाक्यावर साधक स्वतः हसला आणि बाकी कोणी हसले नाही, ते प्रथम काढावे. मग 'गंमत म्हणजे', 'मजेची गोष्ट अशी की' ही पाहुण्यांची वर्दी देणारी वाक्ये काढावीत, आणि शेवटी उद्गारचिन्हे. इंग्रजी विनोदकार पी. जी. वुडहाउस आपली पाने भिंतीवर टाचून ठेवत आणि सुधारेल तसतसे पान वर सरकवत, असे सांगतात. मानपुरात हाच प्रयोग गच्चीतल्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर चिमट्यांनी करता येतो. पावसाळ्यात तेथे काटछाट आपोआप होते.

लहान गावात लक्ष्य निवडताना तारतम्य लागते. किराणा दुकानदारावर लेख लिहिला तर दुकानदार तो वाचणार नाही, पण त्याला तो वाचून दाखवणारे चौघे संध्याकाळपर्यंत मिळतील. म्हणून पात्राचा धंदा बदलावा असा सल्ला दिला जातो. तोही अपुरा आहे. दुकानदाराचा डॉक्टर केल्यास दुकानदार ओळखतोच, शिवाय डॉक्टर नाराज होतात. गावात निर्धोक लक्ष्य एकच उरते आणि ते स्वतः साधक होय. हे लक्ष्य बारमाही उपलब्ध असून त्याची माहिती पहिल्या हाताची असते.

रविवारी नवीन काही लिहू नये. आठवड्याची वही उघडून सोमवारी हसवणारे काय आजही हसवते ते पाहावे. तेवढेच मोठ्या वहीत उतरवावे. मोठी वही सावकाश भरते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या अठरा विनोदी लेखांचे पुस्तक १९१० मध्ये निघाले आणि लेख बत्तीस होऊन 'सुदाम्याचे पोहे अर्थात साहित्यबत्तिशी' यायला १९२३ उजाडले. मराठी विनोदाचा पाया ज्यांनी घातला त्यांचा हा वेग असेल, तर साधकाने महिनाअखेरीस पुस्तकाच्या मुखपृष्ठाची चर्चा काढू नये. माळव्यात हसण्याचे मोठे दिवस ठरलेले आहेत: १ एप्रिलला उज्जैनचे टेपा संमेलन, रंगपंचमीला इंदूरची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक. ते सर्वांसाठी असतात. हा दिनक्रम उरलेल्या दिवसांसाठी आहे.

खाडा पडल्यास दुसऱ्या दिवशी दुप्पट लिहू नये. दुप्पट लिहिलेले दोन्ही दिवसांचे वाईट होते. कालनिर्णयावरची जागा कोरी सोडावी आणि नेहमीच्या वेळी पोह्यांच्या ठेल्यावर हजर व्हावे. ताप, घरचे लग्न, मुक्कामी आलेले पाहुणे आणि सीताफळांचा हंगाम ही खाड्याची मान्य कारणे आहेत, पैकी पाहुण्यांच्या बाबतीत खिशातली वही चालू ठेवावी. 'आज काही सुचले नाही' हे कारण मान्य नाही, कारण सुचणे या दिनक्रमात कोठेही मागितलेले नाही.