खोली आहे, एकांताचं बघू

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आपल्याच शहरातल्या एखाद्या बुटीक हॉटेलात एक रात्र राहायची, ही चाल पुण्या-मुंबईची. ती जळगावात रुजेल असं मला वाटत नाही. पैशांची अडचण नाही. ज्या गावात गुंजभर घ्यायला गेलेलं गिऱ्हाईक तोळाभर सोनं घेऊन बाहेर पडतं, तिथे खोलीचं भाडं कुणाला जड होणार? अडचण मालाची आहे. ही हॉटेलं विकतात मोजक्या खोल्या, घरगुती आपुलकी, यजमानाचं जातीनं लक्ष आणि ताटात स्थानिक पदार्थ. यातलं सगळं खानदेशात फुकट मिळतं, आणि नको म्हटलं तर जास्तच मिळतं. कुणाच्याही ओट्यापाशी क्षणभर थांबा, ‘कव्हय उनात?’ आणि ‘जेवाले चाला’ एका दमात ऐकू येतं, आणि पाठोपाठ कळण्याची भाकरी, भरीत आणि ताट संपेपर्यंत उठू न देणारी वहिनी. अशा माणसाला पैसे मोजून घ्यावी अशी एकच चैन उरते, ती म्हणजे दुर्लक्ष.

इतिहासही हेच सांगतो. जळगावपासून साठेक किलोमीटरवरची अजिंठ्याची लेणी हा या भागातला सर्वांत जुना उत्तम मुक्काम. पाच चैत्यगृहं सोडली तर बाकीचे विहार, म्हणजे भिक्खूंच्या राहण्याच्या खोल्या. मध्ये दालन, भोवती छोट्या कोठड्या, भिंतींवर अशी चित्रं की आजचा कोणताही सजावटकार हात जोडेल. (आता लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडतात, पण गाडीतून उतरतात लोक जळगावलाच.) पावसाळ्यात तिथे राहणाऱ्याला ‘अजून एक भाकरी घ्या’ असं म्हणायला कुणी मावशी येत नसे. दुसरा दाखला धुळ्याचा. १९३२ साली २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. हेच विनोबा धुळ्यात एखाद्या नातेवाइकाकडे उतरले असते तर पहिला अध्यायही पुरा झाला नसता. अर्जुनाच्या विषादापर्यंत येता येता चहा आला असता.

म्हणून जळगावची साधी हॉटेलंच खास प्रसंगाला योग्य, असं माझं मत आहे. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, केळीचे व्यापारी आणि पहाटेच्या गाडीनं उतरून अंघोळ उरकताच अजिंठ्याला पळणारे प्रवासी. यांच्यापैकी कुणालाच पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या नको असतात, त्यामुळे त्या कुणी पसरत नाही. ट्यूबलाइट लागते, एसी घरघरतो आणि तुमचा कितवा वाढदिवस हे कुणी विचारत नाही.

दुर्लक्षच हवं तर पुण्यात काय कमी आहे, असं कुणी म्हणेल. पण तिथे ते रोजचंच. त्याचा सण कसा होणार? खरा आक्षेप वेगळा आहे. काउंटरवरचा माणूसही इथलाच असतो. आधार कार्ड हातात घेतो, ‘पाटील? कुठले पाटील?’ म्हणतो. तुम्ही चोपडा म्हणता, तो अडावद की धानोरा विचारतो, आणि तिसऱ्या प्रश्नाला त्याची आत्या तुमच्या भावकीत दिलेली निघते. संध्याकाळी खोलीवर डबा येतो. हा आक्षेप मला खोडता येत नाही. फार तर टाळता येतो. आखाजीच्या आसपास जाऊच नये: माहेरवाशिणींनी गावं भरलेली, वऱ्हाडांनी हॉटेलं भरलेली आणि पारा चव्वेचाळीसच्या पुढे. त्यापेक्षा पावसाळ्यातला सोमवार बरा. त्या दिवशी अजिंठा बंद असतो, चातुर्मासात लग्नं नसतात.

याहून सावध जोडप्यानं धुळं गाठावं. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही रस्ते तिथे एकमेकांना छेदतात, त्यामुळे तिथल्या हॉटेलांना अनोळखी चेहऱ्यांची सवय आहे. मात्र पाचव्या गल्लीत मावसभाऊ असतोच. त्याला न कळवता राहिलात तर ते त्याला कळणारच, आणि कळवून हॉटेलात उतरलात तर त्याहून वाईट.