एक निवेदन, अकरा हात

भाच्याने मागे एका रात्री साडेअकराला एक फोटो पाठवला आणि खाली लिहिले, ‘मामा, डावीकडून तिसरा कोपर माझा.’

चष्मा लावून पाहिले. मध्ये विद्यापीठाचे एक अधिकारी, चेहऱ्यावर आधार कार्डाच्या फोटोतला भाव. समोर ए-फोर आकाराचा एक कागद आणि त्या कागदाकडे धावलेले अकरा हात. मी मोजले. कागदाला कडा चारच. ज्यांना कड मिळाली नाही त्यांनी कडवाल्याचे मनगट धरले होते आणि ज्यांना मनगटही मिळाले नाही त्यांनी मनगटवाल्याच्या खांद्यावर हात टाकला होता. भाचा या शेवटच्या वर्गातला. त्याचा चेहरा एका भरभक्कम मानेमागे गडप झाला होता, पण कोपर मात्र स्वच्छ आला होता. शर्ट मीच दिवाळीला घेऊन दिलेला, म्हणून ओळख पटली.

निवेदनाचा विषय असा: मुलांच्या वसतिगृहात दुसऱ्या मजल्यावरच्या वॉटर कूलरची तोटी गळते. मजकूर दीड पानाचा. पहिल्या परिच्छेदात शाहू, फुले, आंबेडकर, दुसऱ्यात छत्रपती शिवराय, तिसऱ्यात तोटी. शेवटी ‘आठ दिवसांत मागणी मान्य न झाल्यास तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस सर्वस्वी विद्यापीठ प्रशासन जबाबदार राहील.’ गळक्या तोटीचे परिणाम काय होणार? पाय घसरेल. पण असे लिहिले तर त्याला निवेदन कोण म्हणेल, तो तक्रारअर्ज झाला. तक्रारअर्ज एकट्याने द्यायचा असतो आणि त्याचा फोटो काढत नाहीत.

भाच्याला म्हटले, अरे, प्लंबरला का नाही सांगितले? तो म्हणाला, ‘मामा, आपण विद्यार्थी चळवळीत आहोत.’

या चळवळीचे म्होरके म्हणजे भाऊ. त्यांना नाव असणार, पण विद्यापीठात ते कुणाला ठाऊक नाही. फ्लेक्सवरसुद्धा ‘भाऊ’ इतकेच, आणि खाली ‘विद्यार्थ्यांचा बुलंद आवाज’. भाऊ कुठल्या वर्गात आहेत, असे मी विचारले. दोन एमए झाली, तिसरे चालू आहे आणि पीएचडीला गाईड मिळायचा आहे, असे कळले. भाऊ विद्यापीठात आले तेव्हा माझा भाचा चौथीत होता. कँटीनवाला, झेरॉक्सवाला, वसतिगृहाचे रेक्टर, चार कुलगुरू, सगळे बदलले. भाऊ आहेत.

निवडून कधी आले, हे मात्र विचारू नका. निवडणूकच झालेली नाही.

कॉलेजातल्या विद्यार्थी निवडणुका महाराष्ट्रात गेल्या, त्याला आता तीस वर्षे उलटून गेली. त्या काळात कट्ट्यावर हॉकी स्टिका निघत, डोकी फुटत, मुंबईत तर खूनही पडला. मग १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने यावर उपाय काढला. तोही असा, की मास्तरांनाच सुचावा. मारामारी करणाऱ्या मुलांच्या हातून नेतेपद काढायचे आणि पहिल्या नंबरच्या मुलांना द्यायचे. मागच्या परीक्षेत वर्गात ज्याला सर्वांत जास्त मार्क तो वर्गाचा प्रतिनिधी. खेळ, एनएसएस, एनसीसी, सांस्कृतिक यांचा एकेक, आणि प्राचार्य नेमतील त्या दोन मुली. मग या सगळ्यांनी आपल्यातून एक सचिव निवडायचा. म्हणजे मत होते, पण मार्कांवर मिळत होते.

कायदा करणाऱ्यांना वाटले, हुशार मुलांना कोण हात लावणार?

आमच्या आळीत बॉटनीत पहिला येणारा एक मुलगा होता. पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसायचा. मार्कांच्या जोरावर तो प्रतिनिधी झाला, पुढे ‘यूआर’ झाला, म्हणजे विद्यापीठाच्या निवडणुकीत त्याला एक मत आले. एका पावसाळी संध्याकाळी दारात जीप थांबली आणि चार जण अतिशय अदबीने त्याला घेऊन गेले. जाताना त्याने प्रॅक्टिकलचे जर्नल मागितले, तेही दिले. चार दिवस महाबळेश्वर. भर पावसात, धुक्यात, एका बंद पडायला आलेल्या हॉटेलात, तीन वेळा चिकन आणि बाहेर पहारा. पाचव्या दिवशी मतदान करून परत आला तो सर्दी आणि फुटाण्यांचे दोन पुडे घेऊन. जर्नलमधल्या नेच्याच्या सगळ्या आकृत्या पुऱ्या झाल्या होत्या. त्याच्या आईला मी घाबरलात का म्हणून विचारले, तर म्हणाल्या, ‘स्वेटर नव्हता हो नेलेला.’

जून २०२२ मध्ये आमदारांना आधी सुरतेला आणि मग गुवाहाटीला नेले, तेव्हा सारा देश आ वासून टीव्ही पाहत होता. आमच्या आळीत कुणी मानसुद्धा वर केली नाही. आमदारांजवळ जर्नलही नव्हते.

आता मारामारी चांगली, असे माझे म्हणणे नाही. पण प्रमोद महाजन आणि गोपीनाथ मुंडे ही जोडी अंबाजोगाईच्या कॉलेजात जमली, ती मार्कांची बेरीज करून जमली नव्हती. आज व्यासपीठावरून ‘आम्ही विद्यार्थी चळवळीतून घडलो’ असे गहिवरून सांगणारे सर्वपक्षीय पुढारी मी दर आठवड्याला ऐकतो. ज्या शिडीने ते माडीवर चढले, ती वर ओढून घेतल्यावर खाली पाहून विचारतात, ‘तरुण राजकारणात का येत नाहीत?’

तर पुढे २००६ मध्ये विद्यार्थी निवडणुकांबद्दलचा लिंगडोह समितीचा अहवाल आला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो लागू करायला सांगितला. फार सज्जन अहवाल आहे. उमेदवाराचा खर्च पाच हजारांच्या आत. छापील पोस्टर नाही, हाताने काढलेले चालेल, तेही नेमून दिलेल्या जागीच. हजेरी पंच्याहत्तर टक्के. पदवीच्या मुलाचे वय बाविसापर्यंत, संशोधकाचे अठ्ठावीस. प्रचारात ध्वनिवर्धक, वाहने आणि जनावरे वापरायला बंदी. या जनावरांपाशी मी बराच वेळ थांबलो. हे कलम कुणी हवेतून लिहीत नाही. देशात कुठल्या तरी विद्यापीठात कुणी तरी काही तरी पाहिले असणार.

यातले एकेक कलम भाऊंच्या अंगावर धरून पाहा. हजेरी? ती मात्र शंभर टक्के, कँटीनमध्ये. खर्च? मागच्या वाढदिवसाला केक तलवारीने कापला, तलवारीचेच भाडे पाच हजारांत बसणार नाही. वय? त्याबाबत प्रकरण न्यायप्रविष्ट असल्यासारखा चेहरा करतात. पण भाऊंना लिंगडोह लागूच होत नाहीत, कारण ते उमेदवार नाहीत. निवडणूक असती तर भाऊ पहिल्याच छाननीत बाद झाले असते. नाही, म्हणून अढळ आहेत.

दिल्लीत बघा. तिथे निवडणुका होतात आणि भिंती पोस्टरांनी बरबटतात. सप्टेंबर २०२४ मध्ये दिल्ली विद्यापीठात मतदान झाले आणि उच्च न्यायालय म्हणाले, आधी भिंती पुसा, मग मते मोजा. मोजणी झाली नोव्हेंबरच्या अखेरीला. आमच्या विद्यापीठांच्या भिंती त्या मानाने स्वच्छ. मोजायलाच काही नसते.

तसा आमच्याकडेही नवा कायदा आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुका परत आणल्या. अध्यक्ष, सचिव, मुलींची प्रतिनिधी, राखीव प्रवर्गांचा प्रतिनिधी, सगळे थेट मतदानाने. कागदावर इतके सुंदर की फ्रेम करावे. २०१९ मध्ये मुहूर्तही निघाला. कॉलेजांत लगबग सुरू झाली, आणि तेवढ्यात विधानसभेची निवडणूक तोंडावर आली म्हणून ही निवडणूक पुढे गेली. निवडणूक आहे म्हणून निवडणूक नको, हे कारण ज्या अधिकाऱ्याला सुचले असेल त्याचा सत्कार व्हायला हवा. मग करोना आला. त्या साली मुहूर्ताचे लाडू वळले होते, ते अजून डब्यात आहेत.

या सगळ्यात एक दिवस मात्र दरवर्षी न चुकता साजरा होतो. २५ जानेवारी, राष्ट्रीय मतदार दिन. गेल्या वर्षी भाच्याच्या विभागात मला पाहुणा म्हणून बोलावले होते, म्हणून डोळ्यांनी पाहिले. रांगोळीत शाई लावलेले बोट काढले होते. तीनशे मुले उजवा हात पुढे करून उभी आणि निर्भयपणे, कोणत्याही प्रलोभनाला बळी न पडता मतदान करण्याची शपथ. कडक! मग निवडणूक साक्षरता मंडळाच्या पदाधिकाऱ्यांचे स्वागत झाले. शेजारच्या सरांना हळूच विचारले, हे कसे निवडले? सर म्हणाले, ‘मी नेमले. सालस मुले आहेत.’

१९८९ पासून या देशात अठराव्या वर्षी मत देता येते. माझा भाचा पंतप्रधान ठरवतो. वसतिगृहाच्या मेसमध्ये शनिवारी मटकी की वाटाणा, हे ठरवायला त्याचे वय लहान पडते.

विद्यापीठाचे मत हवे असेल तर आधी विद्यापीठ सोडावे लागते. पदवी घ्यायची, पदवीधर म्हणून नाव नोंदवायचे आणि अधिसभेच्या निवडणुकीची वाट बघायची. भाडेकरूने घर सोडल्यावर त्याच्या हातात किल्ली द्यावी, तसे हे आहे. आणि ती वाटही साधी नाही. मुंबई विद्यापीठात ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर झालेली ही निवडणूक स्थगित झाली, वर्षभराने पुन्हा लागली, ती ऐन तोंडावर पुन्हा थांबली, आणि न्यायालयाने कान पिळल्यावर २४ सप्टेंबर २०२४ ला झाली. दहापैकी दहा जागा युवासेनेने, म्हणजे उद्धव ठाकरे गटाने नेल्या. निवडणुका का पुढे जात होत्या, असे मला कुणी विचारले तर मी निकालाकडे बोट दाखवतो आणि गप्प बसतो.

असो. तोटीकडे येतो.

मध्यंतरी एका प्रमाणपत्राच्या कामाने मी एका विद्यापीठाच्या आवक-जावक विभागात दोन तास उभा होतो. आत बसलेले गृहस्थ निवृत्तीला आलेले, शांत. एका शिष्टमंडळाचे निवेदन आले. त्यांनी न वाचता गोल शिक्का मारला, क्रमांक टाकला, पोच दिली आणि कागद एका गठ्ठ्यावर ठेवला. मी म्हटले, वाचले नाही तुम्ही? ते म्हणाले, ‘निवेदन वाचायचं नसतं, साहेब. घ्यायचं असतं. वाचलं तर उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर दिलं तर ही पोरं उद्या काय देतील?’ एवढे बोलून त्यांनी स्टॅम्प पॅडवर दोन थेंब शाई सोडली. विद्यापीठ प्रशासनावर आजवर मी जे काही वाचले आहे, त्यात याहून नेमके काही नव्हते.

भाच्याच्या कूलरवरही एकूण पाच निवेदने गेली. पाच संघटना, पाच लेटरहेड, पाच फोटो, तोटी एकच. सहाव्या आठवड्यात ‘कमवा आणि शिका’ योजनेत बागकाम करणाऱ्या एका मुलाने बाजारातून प्लॅस्टिकची तोटी आणली, टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवली आणि लायब्ररीत निघून गेला. त्याच संध्याकाळी पाचही संघटनांनी स्टेटस ठेवले: ‘आमच्या पाठपुराव्याला यश!’ दोघांनी तर त्यात विद्यापीठ प्रशासनाचे आभारही मानले. प्रशासनाला ते वाचून नवल वाटले असेल, पण त्यांनी ते स्वीकारले.

काल भाच्याचा फोन आला. भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स वसतिगृहाच्या फाटकावर लागतोय आणि शुभेच्छुकांच्या शेवटच्या ओळीत, तिकिटाएवढा का होईना, त्याचा फोटो घेणार आहेत. या वेळी चेहरा. वर्गणी दोनशे रुपये. मी पाठवले. मामा आहे, दुसरे काय करणार?

रात्री फ्लेक्सचे डिझाइन आले. फोटो बारावीच्या हॉल तिकिटावरचा. खाली नाव आणि नावाखाली लाल अक्षरांत एकच शब्द, ‘भावी’.

मी विचारले, ‘भावी काय?’

म्हणाला, ‘ते अजून ठरलं नाही मामा. सध्या नुसतं भावी.’