एका वायरीचा अल्टरनेटर

पिओरिया, इलिनॉय
११ ऑक्टोबर

तीर्थरूप आई आणि अण्णा यांस,


आई, फोन मध्येच तुटला आणि तुमचा प्रश्न अर्धवट राहिला, म्हणून उत्तर आधी देते. नाही, आम्ही कोणाचंही घर पाडलेलं नाही, पाडायचा विचारही नाही. 'मुलाने बुलडोझर घेतला' एवढंच कॉलनीत सांगितल्यावर लोक 'कोणत्या पक्षातर्फे?' असं विचारणारच. खरी हकिगत अशी की आम्ही गावाबाहेर घर घेतलं, घरामागे शेड होती, शेडमध्ये हे धूड होतं, आणि जुन्या मालकाने ते व्यवहारात फुकट देऊन टाकलं. 'फुकट' हा शब्द ऐकल्यावर तुमच्या चिरंजीवांनी पुढचं काही ऐकलंच नाही. उतारावरची खडीची वाट दर वसंतात वाहून जाते, ती सारखी करायला उपयोगी पडेल, हे कारण त्यांना नंतर सुचलं.

धूड म्हणजे कॅटरपिलरचा डी-४, १९५० च्या दशकातला. या गावाला ते परकं नाही. होल्ट आणि बेस्ट या दोन कंपन्या १९२५ मध्ये एक होऊन कॅटरपिलर झाली आणि पुढे कित्येक दशकं तिचं मुख्यालय पिओरियातच होतं. आता ते टेक्सासला गेलंय, पण नदीपलीकडे ईस्ट पिओरियात मोठे डोझर अजूनही बनतात. त्यामुळे इथे कोणी घरी आलं की आधी शेडमध्ये डोकावतं आणि मग आमची खुशाली विचारतं. शेजारचे आजोबा तर त्याच कारखान्यातून निवृत्त झालेले. ते आता थेट शेडमध्येच येतात.

अण्णा, इथून पुढे तुमच्यासाठी. या यंत्राला चालायला वीज लागतच नाही. डिझेलचा पंप, नोझल, सगळं यांत्रिक. मोठं इंजिन सुरू करायला बाजूला दोन सिलिंडरचं छोटं पेट्रोल इंजिन आहे. त्याला इथले लोक पोनी म्हणतात. त्याची ठिणगी मॅग्नेटोवर. दोरी ओढून पोनी सुरू करायची आणि पोनीने मोठ्या इंजिनाला फिरवायचं. बॅटरी नसली तरी काम अडत नाही. हे कळल्यावर मी सरळ विचारलं, "मग अल्टरनेटर हवाय कशाला?" तेव्हा चिरंजीवांचा हात आपोआप कमरेवर गेला. इथे जानेवारीत पारा शून्याखाली पंधरापर्यंत सहज जातो. त्या थंडीत दोरी ओढायचा पराक्रम त्यांनी करून पाहिलाय, आणि त्यानंतर आमच्या घराला बरेच दिवस बामाचा वास होता. मागच्या मालकाने पोनीला बारा व्होल्टचा सेल्फ बसवून ठेवला होता. सेल्फला बॅटरी हवी, बॅटरीला चार्जिंग हवं आणि चार्जिंगचा डायनमो कधीच संपलेला. कम्युटेटरवर नुसते खड्डे.

दुकानातून 'वन वायर' अल्टरनेटर आला. सोबतच्या कागदावर लिहिलेलं की एकच वायर बॅटरीच्या धन टोकाला जोडा, बाकी काही नको. तरी चिरंजीवांनी पाच रंगांत आकृती काढली आणि लॅमिनेट करून आणली. आजोबांनी ती उलटसुलट करून पाहिली, डोझरच्या सीटवर ठेवली आणि त्यावर बसले. म्हणाले, "जोडायचं नंतर बघू. काढणार काय काय, ते आधी सांग."

खरं काम तिथेच होतं. आधी निघाला रेग्युलेटरचा डबा, म्हणजे तुमचा कटआउट. डायनमो मंद पडला की बॅटरीचा करंट उलटा त्याच्यात शिरतो, म्हणून तो कटआउट लागायचा. अल्टरनेटरमध्ये ती वाट डायोडच अडवतात, व्होल्टेजही आतल्या आत आवरलं जातं. चिरंजीव म्हणाले, "असू दे की मध्ये, जास्तीची सुरक्षा." आजोबांनी नुसतं चष्म्यावरून पाहिलं. डबा निघाला.

मग अ‍ॅमीटर. चार्जिंगचा सगळा करंट त्या डबीतून जायचा. डबी ३० अँपिअरची, नवा अल्टरनेटर ६० च्या पुढे देणारा, आणि मधली वायर जुनी, कापडी वेष्टणाची, ठिकठिकाणी उघडी. डिझेलच्या टाकीशेजारी तसली वायर तापू देण्यात अर्थ नव्हता. पण डबीची तबकडी फार देखणी आहे, म्हणून तडजोड झाली. अ‍ॅमीटरच्या वायरी सोडवल्या, शेजारी व्होल्टमीटर बसवला आणि अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत १६ चौरस मिलिमीटरची नवी तांब्याची केबल ओढली. बॅटरीच्या टोकाजवळ फ्यूज, पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, आणि हादऱ्यांनी घासू नये म्हणून जागोजागी क्लॅम्प. अ‍ॅमीटर आता जागेवर आहे, मान आहे, जबाबदारी काही नाही. अण्णा, मी कोणाचंही नाव घेतलेलं नाही.

त्यानंतर रंग. कॅटरपिलरने १९३१ मध्ये राखाडी सोडून पिवळा रंग धरला, आणि आमच्या डोझरवर पुढच्या प्रत्येक मालकाने आपापला थर चढवलेला दिसतो. अल्टरनेटरला अर्थ मिळतो तो ब्रॅकेटमधून, आणि ब्रॅकेटखाली रंग आणि गंज. तुमची नात पॉलिश पेपर घेऊन बसली आणि पार चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासत राहिली. गृहपाठाला ही चिकाटी कुठे जाते, ते विचारू नका. वर अर्थची वेगळी वायरही टाकली.

वायर हातात घेतली आणि तुमचा व्हिडिओ कॉल आला. नातीची चौकशी नाही, हवापाणी नाही. पहिला प्रश्न, "अर्थला कुठलं टोक आहे?" बरं झालं विचारलंत. चिरंजीवांच्या आकृतीत सगळे रंग होते, ही खूण नव्हती. जुन्या विलायती गाड्यांत धन टोक अर्थला असायचं, डायनमो दोन्ही चालवून घ्यायचा, पण अल्टरनेटरला बॅटरी उलटी लागली तर डायोड तिथल्या तिथे जळतात, हे तुम्ही मला समजावलंत आणि मी आजोबांना इंग्रजीत सांगितलं. ते म्हणाले, "यांना सांग, मीही हेच विचारणार होतो." मीटर लावला. ऋण टोकच अर्थला निघालं. तुम्ही कराडला आणि आजोबांनी इथे, दोघांनी एकदमच मान डोलावली.

पोनी सुरू झाली, तिने मोठ्याला फिरवलं, धुराचा लोट उठला, इंजिन लागलं. व्होल्टमीटर मात्र १२.४ वर ठाम. चिरंजीवांचा चेहरा पडला. कारण साधं होतं. एका वायरीच्या अल्टरनेटरला चेतवायला दुसरी वायर नसते, तो वेगाने फिरला तरच स्वतःहून सुरू होतो. आणि हे डिझेल पूर्ण जोरातही मिनिटाला दीड हजारांच्या आसपासच फिरणारं. नुसतं मंद घुरघुरत असताना तो कशाला उठतोय? नात म्हणाली, "बाबांना रविवारी उठवायला ओरडावं लागतं, तसं." आजोबांनी थ्रॉटल ओढला आणि काटा चढला १४.२ वर. मग वेग उतरवला तरी तिथेच राहिला. अल्टरनेटरच्या पुलीचा व्यास कमी केला तर एवढं ओरडावं लागणार नाही, ही तुमची सूचना आजोबांनी मान्य करून टाकली आहे.

आणि मग तो प्रसंग. सवयीने आजोबांचा हात बॅटरीच्या केबलकडे गेला. डायनमोच्या काळात चालत्या इंजिनावर केबल काढून चार्जिंग तपासायचे ना, तसं. अल्टरनेटरच्या बाबतीत तसं केलं तर व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायोड जातात. मी तोंड उघडण्याआधी तुम्ही फोनमधून कडाडलात, "हात काढा!" आजोबांना मराठीचा गंध नाही. त्यांनी हात काढला. वर मला म्हणाले, "हे गृहस्थ फोरमन होते का?"

आता एकच प्रश्न शिल्लक आहे, तो तुम्ही दोघांनी मिटवायचा. काढलेलं सामान शेडच्या कोपऱ्यात पडलंय. अण्णांचा निरोप आहे की काहीही टाकू नका, कटआउट आणि डायनमो येताना घेऊन या, कम्युटेटर लेथवर साफ करून घेता येईल. आईंचा निरोप आहे की बदाम आणि गुडघ्याच्या गोळ्या विसरू नका, आणि माळ्यावर आणखी एक लोखंडी वस्तू चढली तर मी खाली उतरवणार नाही. डिसेंबरात आम्ही येतोय. एका बॅगेत २३ किलो बसतात आणि डायनमो हलका नाही. चिरंजीवांनी दोन्ही बाजूंना 'हो' सांगून ठेवलंय, म्हणून लेखी निर्णय तुमच्याकडूनच हवा, दोघांच्या सह्यांनिशी.

तुमची आज्ञाधारक,
सून