धुरातला माळकरी

आमच्या मिस्तरींच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. एकादशी चुकत नाही, सुपारीचं खांड तोंडात जात नाही, तंबाखूच्या पुडीला तर आयुष्यात हात लागलेला नाही. तरीही धुराचा अभ्यास लिंबागणेशात त्यांच्याइतका दुसऱ्या कुणाचाच नाही, हे मी शपथेवर सांगतो.

मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे निघालं की आमचं गाव लागतं. रस्त्याला लागून मिस्तरींचं पत्र्याचं शेड आहे. त्यावर 'मोटार रिवायंडिंग करून मिळेल' अशी पाटी आहे. 'मिळेल' हे खरं आहे. 'कधी' ते पाटीवर लिहिलेलं नाही, आणि मिस्तरींनाही कुणी विचारू नये अशी त्यांची अपेक्षा असते. उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की बालाघाटाच्या पट्ट्यातल्या बोअरच्या मोटारी पटापट जळतात आणि फटफटीवर, ट्रॅक्टरवर आडव्या पडून इथं येतात. मिस्तरी मोटार उघडतात, नाक आत घालतात, वास घेतात आणि वैद्याच्या गांभीर्यानं सांगतात, "गेली. परवा या." मग मोटार रांगेत जाते आणि मिस्तरी दुसऱ्याच कामाला लागतात. ते काम त्यांना कुणीही सांगितलेलं नसतं.

एकदा त्यांनी उंदीर अडकला की घंटा वाजवणारा पिंजरा केला. पहिल्याच रात्री उंदीर अडकला आणि घंटा अशी वाजली की घरातली माणसं उठून अंगणात आली आणि बाकीचे उंदीर जन्माचे शहाणे झाले. मिस्तरींना त्याचं काही नाही. घंटा वाजली ना? मग झालं. वस्तू चालू होईपर्यंत मिस्तरींचा जीव तिच्यात असतो. ती चालू झाली की जीव निघून पुढच्या वस्तूत जातो. मागे उरतं ते कलेवर शेडच्या आढ्याला टांगलेलं असतं.

अशा माणसाच्या हातात एका दिवाळीत इलेक्ट्रॉनिक सिगारेट पडली. पुण्याला कंपनीत असलेला गावचा एक पोरगा सुटीवर आला होता. जाड पेनासारखी नळी त्यानं हळूच पुढं केली आणि म्हणाला, "चार्ज होईना मिस्तरी. बघता का? पण घरी बोलू नका." मिस्तरींनी ती उघडली. आत एक सेल, केसासारख्या तारेचं वेटोळं आणि वेटोळ्यात कापसाची बारीक वात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"एवढंच व्हय?"

हे दोन शब्द मिस्तरींच्या तोंडून निघाले की पुढचे दोन महिने शिवारातली पिकं पाण्यावाचून राहतात, असा गावाचा अनुभव आहे.

मी शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. निवृत्तीनंतर माझा वर्ग आता या शेडमध्ये भरतो. विद्यार्थी एकच, पण मास्तरचं ऐकत नाही. मी सांगितलं की सेलवर तार तापते, कापूस ग्लिसरिनसारख्या द्रवात भिजलेला असतो आणि त्याचे बारीक बारीक थेंब हवेत तरंगतात. जळत काही नाही, म्हणून राख नाही.

"मंग ह्याला धूर कसा म्हणायचा गुरुजी? हे तर धुकं झालं."

त्या दिवशी मला हा नुसता शब्दाचा कीस वाटला होता.

त्यांचे आजोबा चिलीम ओढायचे. मिस्तरींनी तिचाच दाखला काढला. "मातीच्या नळीत खडा, बुडाला वली छापी, वर इस्तू. खड्याच्या जागी तार घातली, छापीच्या जागी कापूस, इस्तवाच्या जागी बॅटरी. कापूस तर आपल्याच रानातला. चीनवाल्यांनी नवीन काय केलं?"

मी घरी जाऊन नातवाच्या फोनवर शोधलं. चीनमधल्या होन लिक नावाच्या औषधतज्ज्ञानं २००३ च्या सुमारास आजच्या पद्धतीचं यंत्र बनवलं. तो स्वतः अट्टल सिगारेट ओढणारा, आणि वडीलही फुप्फुसाच्या कर्करोगानं गेलेले. त्याच्याही आधी अमेरिकेत हर्बर्ट गिल्बर्ट नावाच्या माणसानं बिनतंबाखूच्या, बिनधुराच्या सिगारेटचा पेटंट अर्ज १९६३ साली केला होता आणि १९६५ साली त्याला पेटंटही मिळालं. पण ते बनवून बाजारात आणायला कोणी पुढं आलं नाही. हे ऐकून मिस्तरी फार हळहळले. "कागद झाला, वस्तू झाली न्हाई. लिंबागणेशात असता तर मी करून दिली असती." होन लिकच्या वडिलांपेक्षा गिल्बर्टच्या न बनलेल्या वस्तूचं दुःख त्यांना जास्त झालं. मिस्तरी मनानं वाईट नाहीत. दुःखाचं वायरिंगच त्यांच्यात वेगळ्या पद्धतीनं झालेलं आहे.

मग जमवाजमव सुरू झाली. मेलेल्या लॅपटॉपच्या बॅटरीतून १८६५० नावाचे सेल निघाले: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. ग्लिसरिन मेडिकलमधून आणलं, जुन्या बॅटरीची, म्हणजे टॉर्चची, नळी अंगाला घेतली आणि वेलचीचा इसेन्स वहिनींच्या फडताळातून गेला. निकोटीनचा थेंब नाही. माळ आहे ना गळ्यात. ज्यांनी हजारो मोटारींची वाइंडिंगं भरली त्यांना पाच वेढ्यांचं वेटोळं काय जड? पण मिस्तरी तिथंच अडकले. वेढे टाकायचे, मीटर लावायचा, आकडा बघायचा, उसवायचं, पुन्हा टाकायचे. 'ओहम' हा शब्द त्यांच्या तोंडात 'ओम' होतो. रात्री अकराला शेडमधून आवाज येई, "दीड ओम... एक ओम... अर्धा ओम..." शेजारच्या म्हातारीनं गावभर सांगितलं की मिस्तरींनी नामस्मरण वाढवलंय, पण अर्धा ओम म्हणणं काही शास्त्राला धरून नाही.

जर्मनीच्या ओहमनं आपला नियम १८२७ साली मांडला. सेल चार व्होल्टचा धरला तर एक ओहमच्या तारेतून चार अँपिअर वाहतात. तार अर्ध्या ओहमची केली की आठ. मी हे फळ्यावर शेकडो वेळा लिहिलं, पण त्याचा वास मला पहिल्यांदा आला तो त्या शेडमध्ये. मिस्तरी अर्ध्याच्याही खाली गेले. सेल आधी गरम झाला, मग फुसफुसला, मग त्यानं जे काही केलं ते होन लिकच्या यंत्रापेक्षा नरकासुराच्या जवळचं होतं. मिस्तरींनी तो चिमट्यानं वाळूच्या घमेल्यात फेकला म्हणून शेड राहिलं. धोतराच्या सोग्याला मात्र रुपयाएवढं भोक पडलं.

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. "आवं, बिडी वढणारी मानसं बी एवढा धूर करीत न्हाईत!"

"पण कशानं पेटला ते कळलं का?" मिस्तरी आनंदानं म्हणाले. "आता कळलं!"

आठवड्यानं यंत्र तयार झालं. पण ओढणार कोण? माळकऱ्याला चालत नाही, आणि पोटाला चालणारं ग्लिसरिन फुप्फुसालाही चालेलच असं नाही, म्हणून मी हात वर केले. पन्नास वर्षं बिडी ओढलेले एक आबा पारावरून आणले गेले. आबांनी डोळे मिटून दम घेतला. नाकातोंडातून असा लोट निघाला की पारावरची कुत्री उठून गेली. सगळे आबांच्या तोंडाकडे बघत होते; मिस्तरी मीटरकडे.

"कसं हाय आबा?"

आबांनी बराच विचार केला. "धूर लई हाय, पण ठसका न्हाई. बिनमिठाच्या पिठल्यावाणी लागायलंय." आणि चव जावी म्हणून त्यांनी कानावरची बिडी काढून पेटवली.

हा निकाल मिस्तरींनी ऐकलाच नाही. तार नीट तापली होती. पण गिल्बर्टचा शोध घेताना माझ्या हाती कायदाही लागला होता, आणि तो सांगणं भाग होतं. केंद्र सरकारनं १८ सप्टेंबर २०१९ ला अध्यादेश काढून आणि त्याच वर्षी डिसेंबरात संसदेत कायदा करून देशभर ई-सिगारेटवर बंदी आणली. बनवणं, विकणं, आणणं, नेणं, जाहिरात करणं, सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही; पुन्हा केलं तर तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. साठा केला तरी सहा महिने किंवा पन्नास हजार, किंवा दोन्ही.

मिस्तरी स्टुलावर बसले. "बिडीला बंदी हाय का?"

"नाही."

"शिगरेटला?"

"नाही."

"आन् ह्या वेलचीला हाय?"

"आत निकोटीन असो नाही तर नसो," मी सांगितलं. "द्रव तापवून ओढण्यासाठी त्याचे तुषार काढणारं यंत्र असलं की बंदी."

त्या रात्री शेडचा दिवा उशिरापर्यंत जळत होता. सकाळी बघतो तर यंत्राचा मागमूस नाही. सेल एका डब्यात, तार दुसऱ्यात, नळी पुन्हा टॉर्च झालेली. माळकरी माणसाच्या घरी झडती आली असती तर एवढंच सापडलं असतं की हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा नीटनेटका झाला आहे. पुढं काही महिने मोटारी वेळेवर मिळायला लागल्या. गावाला काळजी वाटली.

श्रावण सरता सरता मिस्तरी माझ्या ओट्यावर आले. चेहऱ्यावर तेज. "गुरुजी, कायद्यात 'वढण्यासाठी' असंच लिव्हलंय ना?"

"हो."

"मंग बघण्यासाठी केलं तर?"

आमचा गणपती भालचंद्र. त्याला बघून चंद्र हसला, शाप खाल्ला, मग इथं येऊन तप केलं आणि देवानं त्याला कपाळावर घेतलं, अशी आमच्या क्षेत्राची कथा आहे. गल्लीतल्या मंडळानं त्या वर्षी तोच देखावा धरला होता. एलईडीचा चंद्र वर्गणीत बसला होता. ढग बसत नव्हते. ढग मिस्तरींनी अंगावर घेतले. शेगडीची कॉइल, एक जुनं पातेलं, ग्लिसरिन आणि पाणी. नाटकात धुकं असंच काढतात, हे मीच बोलून गेलो होतो.

गणेश चतुर्थीची संध्याकाळ. आरती झाली, पडदा सरकला आणि मिस्तरींनी बटण दाबलं. पहिल्या मिनिटाला चंद्राच्या पायाशी ढग आले. लोक 'वा' म्हणाले. दुसऱ्या मिनिटाला चंद्र कमरेपर्यंत बुडाला. तिसऱ्या मिनिटाला चंद्र, देव, अध्यक्ष आणि वर्गणीदारांच्या नावांचा फलक असं सगळंच दिसेनासं झालं. बंदोबस्ताचे हवालदार खोकत पुढं आले. "कसलं मशीन आहे हे?"

"बघायचं हाय सायेब," ढगातून आवाज आला, "वढायचं न्हाई!"

अध्यक्ष ओरडायला लागले, "बंद करा, चंद्र दिसंना!" तेवढ्यात शेजारच्या म्हातारीनं हात जोडले. "राहू दे रे लेकरा. आज चौथ हाय. आज चंद्र बघितला की चोरीचा आळ येतो. देवानंच झाकला." यावर कुणाला काय बोलणार? सगळ्या गल्लीनं न दिसणाऱ्या देवाला नमस्कार केला.

तेव्हा गर्दीच्या मागून एका शेतकऱ्यानं हाक घातली, "मिस्तरी हायेत का हितं? माझ्या मोटारीचं काय झालं?"

उत्तर आलं नाही. धुकं तेवढं जरा दाट झालं.