फणेरपेटीची नवी नोकरी

लाकडी पेटी करायची एक रीत ऐकायला वेडगळ वाटते. चार बाजू, तळ आणि माथा असं सगळं एकदम जोडून टाकायचं. कुठे दार नाही, फट नाही. गोंद वाळला की तीच पेटी करवतीने आडवी कापायची. वरचा तुकडा म्हणजे झाकण. वेगळं करून बसवलेल्या झाकणात कितीही मापं घेतली तरी एखाद्या सुताचा फरक राहतोच, आणि आठ सुतांच्या इंचात एक सूतही डोळ्यांत खुपतं. कापून काढलेलं झाकण मात्र जन्मतःच जुळलेलं. लाकडाच्या रेषासुद्धा खालून वर सलग जातात.

भाचीच्या लग्नासाठी केलेली माझी पेटी एक रात्र अशी ठार बंद होती. येणारा प्रत्येकजण ती कानाशी धरून हलवी. ‘‘छान आहे हो, पण उघडते कुठून?’’ शेजारच्या काकूंना तर आत काहीतरी दडवलंय याची खात्रीच होती.

पेटी कसली, तर फणेरपेटी. झाकणात आरसा, खाली खण: एकात फणी, एकात कुंकवाचा करंडा, एकात मेण. कोरडं कुंकू कपाळावर टिकावं म्हणून आज्या आधी बोटाने मेण लावायच्या आणि त्यावर कुंकू रेखायच्या. मग मागे डिंक लावलेली टिकली आली. मेण बेकार झालं आणि मेणापाठोपाठ पेटीही.

लाकूड जुन्या पलंगाचं, सागवानी. वरचा काळपट थर रंध्याखाली निघाला की आत पिवळं, तेलकट लाकूड लागतं आणि नव्या चपलांच्या दुकानासारखा वास सुटतो. फेविकॉलचा डबा हाती आला की माणसाला तो सगळीकडे लावावासा वाटतो, पण माथ्याच्या फळीला गोंदाचा थेंब नको, असं कोपऱ्यावरच्या मिस्त्रींनी बजावलं होतं. ‘‘ती खाचेत मोकळीच ठेवा. पावसाळ्यात रुंदीला फुगणार ती. लांबीचं काही नाही. जागा नाही ठेवलीत तर बाजू फोडेल.’’ कधीकाळी तोडलेलं, पिढ्यान्‌पिढ्या लोकांना झोपवलेलं लाकूड, पण जुलै आला की त्याला अजून कळतं!

आपल्याकडे आहेर हा फिरता असतो. एकेका ब्लाउजपीसने माणसापेक्षा जास्त लग्नं पाहिलेली असतात. पातेल्यांवर नावं कोरतात ती हौसेने, असं म्हणतात; माझ्या मते ते पातेलं पुढच्या लग्नात जाऊ नये याचा तो बंदोबस्त असतो. हाताने केलेल्या वस्तूला तेवढंही लागत नाही. ती आवडो न आवडो, कुणाला देता येत नाही, माळ्यावर टाकता येत नाही, कारण मामा कधीतरी घरी येणार आणि पाणी पिता पिता नजरेने शोधणार. म्हणजे मी पोरीला भेट देतोय की तिच्यावर पहारा बसवतोय? हा प्रश्न मला पॉलिश करताना पडला. पॉलिशला प्रश्न भरपूर पडतात. स्पिरिटमध्ये विरघळलेली लाख, जुन्या धोतराचा बोळा, पातळ हात मारायचा, वाळू द्यायचं, पुन्हा हात. दुसरं करण्यासारखं काही नसतंच.

‘‘रिकामी कशी द्यायची?’’ ताई म्हणाली. सुपारी, हळकुंड इथवर माझं काही म्हणणं नव्हतं. ती खडीसाखर ओतायला निघाली तेव्हा मी ताज्या लाखेची बाजू मांडली. ती अर्थातच फेटाळली गेली.

पेटी बंगळुरूला गेली. महिन्याभराने भाचीचा फोन. ‘‘मामा, करंड्याच्या खणात चार्जर काय बरोब्बर बसतो! फणीच्या जागी इअरबड्स. आरसा मीटिंगच्या आधी लागतोच. फक्त मागून वायर जायला एक भोक पाडून देशील?’’

दिवाळसणाला पेटी घेऊन येते आहे. मिस्त्रींना मी जरा दबकतच विचारलं, त्यांना मात्र काही वाटलं नाही. ‘‘पाडा की. पण कडेला पितळी रिंग बसवा, नाहीतर वायर सोलेल.’’